पितळी पातेलं आणि शोधनिबंधांची यादी

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा ओळखलं जातं ते तिथल्या यादवकालीन मंदिरांसाठी, बारवेसाठी आणि उंच कोरीव स्तंभासाठी. वैद्यकीय संशोधनावरच्या लेखात त्याचं नाव घेण्याचं कारण वेगळं आहे. अशा गावात प्रयोगशाळा नसते, पण प्रयोगशाळांमधून निघालेले निष्कर्ष तिथे पोहोचतात, चांगले तसेच चुकीचेही. तान्ह्या बाळाला वरचं दूध कधी सुरू करावं, म्हाताऱ्या माणसाला ताकदीच्या गोळ्या द्याव्यात की नाही, पोट फुगलेल्या मुलाला कुठल्या तपासणीला पाठवावं, हे सांगणारा डॉक्टर आपल्या पाठ्यपुस्तकातलं सांगत असतो. आणि पाठ्यपुस्तकातलं ते वाक्य कधीतरी कुणाच्या तरी शोधनिबंधातून आलेलं असतं. म्हणून एखाद्या संशोधकाची निबंधांची यादी भरवशाची आहे का, हा प्रश्न विद्यापीठाच्या निवड समितीपुरता उरत नाही; तो चारठाण्यातल्या घरापर्यंत जातो. माझं म्हणणं असं की या यादीची किंमत तिच्या लांबीवर ठरत नाही. एका निबंधाने उभा केलेला प्रश्न पुढच्या निबंधाने अंगावर घेतला का, आणि तसं करताना आधीचं म्हणणं खोटं ठरण्याची जोखीम पत्करली का, यावर ती ठरते. याचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात शीला भावे, आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका आजारावर काम केलं. ब्रिटनमधले बालयकृतरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर या कामात त्यांच्याबरोबर होते. १९८२ ते १९९६ या काळातले त्यांचे मुख्य निबंध दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. ज्या आजारावर ते लिहिले गेले तो आजार आज जवळजवळ दिसत नाही.

आजाराचं नाव ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’. कोलकात्याच्या सेन यांनी १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं भारतीय बालरोग विभागांत तो ठाण मांडून होता. मूल साधारण सहा महिन्यांचं ते पाच वर्षांचं. त्यातही एक ते तीन वर्षांची मुलं जास्त. आधी किरकिर, खाणं कमी, अंगात बारीक ताप, आणि हळूहळू वाढणारं पोट. डॉक्टरने बरगडीखाली हात ठेवला की यकृताची कडक, धारदार कड बोटांना लागे. मग कावीळ, मग जलोदर. कावीळ दिसू लागल्यावर बहुतेक मुलं काही महिन्यांत जात. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन मुलं जाण्याचे प्रकारही नोंदले गेले आहेत. या आजारात आणखी एक कोडं होतं. अतिगरीब घरांत तो कमी दिसे, खाऊन-पिऊन सुखी असलेल्या ग्रामीण हिंदू घरांत जास्त. कुपोषणाने होणाऱ्या आजाराची चाल अशी उलटी कशी असेल?

कारणं शोधणाऱ्यांची कमतरता नव्हती. कुणी विषाणूकडे बोट दाखवलं, कुणी बुरशी लागलेल्या धान्या-शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनकडे, कुणी आनुवंशिकतेकडे. रोगप्रतिकारशक्तीचं बिघडलेलं गणित हे कारण असावं, असाही एक प्रवाह होता. त्याच दिशेने रणजित कुमार चंद्रा यांनी १९७० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या मुलांच्या रक्तातल्या प्रतिकारघटकांवर निबंध लिहिला. या चंद्रांकडे आपल्याला पुढे परत यायचं आहे. निर्णायक वळण आलं ते १९७८ मध्ये. लंडनमध्ये पोर्टमन, टॅनर, मोवट आणि विल्यम्स यांनी या मुलांच्या यकृताच्या पातळ कापांवर ऑर्सिन नावाचा रंग घातला. सूक्ष्मदर्शकाखाली यकृतपेशींमध्ये गडद तपकिरी, जाडसर कण भरलेले दिसले. हा रंग तांबं धरून ठेवणाऱ्या प्रथिनाशी चिकटतो. म्हणजे त्या पेशींमध्ये तांबं साचलेलं होतं. पण यातून एवढंच कळलं की तांबं आहे. ते आजाराचं कारण आहे की आजारामुळे साचलं आहे, याचं उत्तर त्या रंगात नव्हतं. यकृतातून पित्त नीट वाहेनासं झालं की कुठल्याही कारणाने तांबं अडकून पडू शकतं, कारण शरीरातलं जादा तांबं बाहेर जातं ते पित्तावाटेच.

पुण्याच्या निबंधांची साखळी याच अडचणीपासून सुरू होते, आणि मला ती मोलाची वाटते ती म्हणूनच. १९८२ चा पहिला निबंध भारतातल्या मुलांच्या यकृतविकारांची तुलना करतो. या एका आजाराची मुलं आणि यकृताच्या इतर आजारांची मुलं शेजारी ठेवून यकृतातलं तांबं मोजलं गेलं. निरोगी माणसाच्या वाळवलेल्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या आजारात ते सहज ८०० च्या वर जातं. इतर यकृतविकारांत वाढ असली तरी ती या थराला जात नाही. यकृत बिघडलं म्हणून तांबं साचलं, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरं पडू लागलं. बाहेरून येत असेल तर कुठून येतं, हा पुढचा प्रश्न. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये टॅनर, भावे, पंडित आणि सहकाऱ्यांनी त्याचं संभाव्य उत्तर मांडलं: लवकर सुरू केलेलं गाई-म्हशीचं दूध, पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात उकळलेलं आणि ठेवलेलं.

हे भांडं जरा जवळून पाहायला हवं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. आपल्या घरांत पितळी पातेल्याला आतून कल्हई करण्याची पद्धत होती. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवी, नवसागर टाकी, कथिल फिरवी आणि कापसाच्या किंवा चिंधीच्या बोळ्याने आतला पृष्ठभाग चांदीसारखा लखलखीत करी. कथिलाचा तो पातळ थर असेपर्यंत दूध आणि पितळ यांची गाठ पडत नसे. पण राखेने, मातीने, काथ्याने रोज घासून कल्हई उडते. आधी तळाशी पिवळे डाग दिसतात, मग अर्धं भांडं उघडं पडतं, आणि कल्हईवाला पुन्हा गावात येईपर्यंत दूध त्याच भांड्यात तापत राहतं. पाणी आणि दूध यांच्यातला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरतं. भांड्यातून सुटलेला तांब्याचा अंश केसिनला चिकटला की आणखी तांबं सुटायला जागा होते. ओनील आणि टॅनर यांनी १९८९ मध्ये नेमकं हेच तपासलं: पितळी भांड्यातून गाईच्या दुधातलं केसिन तांबं कसं उचलतं. १९८३ चा अंदाज रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकतो की कोसळतो, याचीच ती परीक्षा होती, आणि तो टिकला.

बाळाच्या बाजूनेही हिशेब जुळत होता. जन्माच्या वेळी बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मुळातच मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि पहिल्या काही महिन्यांत तो ओसरतो. आईच्या दुधात तांबं थोडं असतं. या नाजूक काळात आईचं दूध लवकर सुटलं आणि पितळी पातेल्यातलं म्हशीचं दूध सुरू झालं, तर ओसरण्याऐवजी साठा चढत जातो. श्रीमंती-गरिबीचं ते कोडंही इथे उलगडू लागतं. मजुरी करणाऱ्या घरात बाळासाठी वेगळं दूध विकत घेण्याची ऐपत नसे, पितळेची भांडीही थोडीच. मूल दोन-दोन वर्षं अंगावर पीत असे. ज्या घरात दुभतं जनावर, पितळी भांड्यांची मांडणी आणि बाळाला भरपूर दूध पाजण्याची हौस, त्याच घरात धोका. आजवर सुबत्तेची खूण मानलेल्या गोष्टी बाळाच्या यकृतावर उलटत होत्या, आणि त्यात आईचा दोष काडीइतका नव्हता.

पण जुळलेला हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. भावे, पंडित आणि टॅनर यांनी १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास त्यांच्याच जोडीच्या निरोगी मुलांशी ताडून पाहिला. आजारी मुलांच्या घरांत पितळी-तांब्याच्या भांड्यांतलं दूध ठळकपणे जास्त होतं. त्याच वर्षी तांबं शरीराबाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाच्या चाचण्यांचा निबंध आला. औषध लवकर सुरू झालेल्या मुलांत मृत्यू कमी झाले. कावीळ आणि जलोदरापर्यंत पोहोचलेल्या मुलांना ते फारसं वाचवू शकलं नाही. हा अर्धवट यशाचा निबंध अर्धवट यश म्हणूनच छापला गेला, याला मी फार महत्त्व देतो. १९९२ मध्ये चंदीगडच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन त्यांनी सर्वात कठीण प्रश्न विचारला: भांडी बदलायला सांगितलं तर आजार टळतो का? त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे टाळता येतो. १९९६ मध्ये आशिष बावडेकर, भावे, प्रधान, पंडित आणि टॅनर यांनी वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर सांगितलं की पेनिसिलामाइन घेतलेली काही मुलं जगली, वाढली आणि त्यांच्या यकृताची अवस्था सुधारलेली दिसली. यकृतात साचलेलं तांबं, मग भांडं, मग औषध, मग बचाव, मग वाचलेल्या मुलांचं पुढचं आयुष्य, अशी ही ओळ आहे. यातला कुठलाही निबंध उलटा निघाला असता तर आधीची सगळी मांडणी ढासळली असती. चारठाण्याच्या देवळांत चुना न वापरता दगडावर दगड बसवला आहे. तिथे दगड मोजून बांधकामाचा कस कळत नाही, कुठल्या दगडाचा भार कुणावर आहे ते पाहावं लागतं. शोधनिबंधांची यादी अशीच वाचावी लागते.

यावर सरळ आक्षेप असा घेतला जातो की आजार गेला तो संशोधनाने नव्हे, स्टीलने. सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्टेनलेस स्टीलची भांडी स्वस्त झाली, जुनं पितळ मोडीत गेलं, बोहारणीच्या टोपलीतही स्टील आलं, आणि कल्हईवाल्याचा आवाज गल्लीतून हळूहळू नाहीसा झाला. ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. बहुसंख्य मुलं वाचली ती भांड्यांच्या बाजारामुळेच असतील. पण या आक्षेपाने पुण्याच्या कामाला धक्का लागत नाही, उलट टेकू मिळतो. पितळेचं दूध हे कारण नसतं, तर पितळ गेल्यावर आजार जायला नको होता. शिवाय हे निबंध नसते तर आपण श्रेय लशींना, सुधारलेल्या आहाराला किंवा शहरीकरणाला वाटून मोकळे झालो असतो, आणि पितळ पुन्हा स्वयंपाकघरात आल्यावर सावध करायला कुणी उरलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पितळी भांड्यातलं दूध लाखो मुलं प्यायली, मग आजारी पडली ती मोजकीच का? घराण्यात तो का फिरे? उत्तर शोधताना ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांताकडे जावं लागतं. १९०० ते १९७४ या काळात तिथे अशाच आजाराच्या १३८ मुलांची नोंद झाली. म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचा अभ्यास मांडला. डोंगराळ खेड्यांत बाळाचं दूध उघड्या तांब्याच्या भांड्यांत उकळलं जाई, आणि आजार काही घराण्यांतच फिरत होता. म्हणजे शरीराचा आनुवंशिक कच्चेपणा आणि भांड्यातलं तांबं दोन्ही लागत होतं. भांडी बदलल्यावर जनुकं तीच राहिली, आजार मात्र नाहीसा झाला. याउलट शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली तीन गावं पाहिली. तिथल्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून अधिक तांबं होतं आणि तरी लहान मुलांत या आजाराचे मृत्यू आढळले नाहीत. नुसतं तांबं पुरेसं नाही, हे त्यातून स्पष्ट होतं. आनुवंशिकता आपल्या हातात नसते, भांडं असतं. त्यामुळे बचावाचा सल्ला या दोन्ही निरीक्षणांनी बदलत नाही. कारणाची मांडणी मात्र अधिक काटेकोर करावी लागते.

पूर्णपणे निकालात न निघालेला आक्षेपही आहे. १९९३ मध्ये सेठी, ग्रोव्हर आणि खोडसकर यांनी तांब्याच्या भूमिकेवर पुन्हा प्रश्न विचारला. २०१३ मध्ये एन. सी. नायक आणि ए. आर. चितळे या विकृतिशास्त्रज्ञांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये तांबं हेच मूळ कारण मानण्यावर गंभीर शंका घेतल्या. त्यांचा मुख्य आग्रह सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रावर आहे, आणि आयुष्यभर हजारो काप पाहिलेल्या डोळ्यांची शंका हलक्याने घ्यायची नसते. तरीही मला पुण्याचं पारडं जड वाटतं. पेशीचं चित्र आजाराची अवस्था दाखवतं. भांड्यांची तुलना, केसिनचं रसायन, औषधाचा परिणाम आणि बचावाचा प्रयत्न हे चार वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी येतात. एक वाट चुकीची असू शकते. चारही वाटा चुकून एकाच जागी पोहोचणं अवघड आहे. शंका घेणाऱ्यांना त्यांची शंका मांडता आली, कारण पुण्याच्या निबंधांत काय मोजलं, कुणाशी ताडलं आणि कुठे कमी पडलं हे उघड लिहिलेलं होतं.

आता चंद्रांकडे वळू. यकृत, प्रतिकारशक्ती आणि वार्धक्य या तिन्ही क्षेत्रांत एकाच माणसाची यादी किती मोठी होऊ शकते, याचं ते उदाहरण. दिल्लीच्या एम्समध्ये सुरुवात करून ते कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात गेले, आहार आणि प्रतिकारशक्ती या विषयातले जगन्मान्य तज्ज्ञ झाले. दोनशेहून अधिक निबंध, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा. १९७० च्या यकृताच्या निबंधावर इथे बोट ठेवायचं नाही. प्रश्न पुढच्या यादीचा आहे. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ९६ वृद्धांवरचा निबंध छापला. वर्षभर जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजांची गोळी घेतलेल्यांना सरासरी २३ दिवस संसर्गाचा त्रास झाला, न घेतलेल्यांना ४८ दिवस. इतका मोठा फरक कुणालाही मोहात पाडेल. २००१ मध्ये ‘न्यूट्रिशन’ या नियतकालिकात त्यांनी वृद्धांची स्मृती आणि विचारशक्तीही अशाच गोळीने सुधारते असं लिहिलं. ती आकडेवारी शक्यतेच्या कोटीत बसत नाही, असं अभ्यासकांनी दाखवलं आणि २००५ मध्ये त्या नियतकालिकाने निबंध मागे घेतला. २०१५ मध्ये ‘बीएमजे’ने त्यांचा १९८९ चा बाळांच्या दुधावरचा निबंध मागे घेतला, आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो ९६ वृद्धांचा. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २००६ मध्ये या प्रकरणावर कार्यक्रम केला होता. त्याविरुद्ध त्यांनी भरलेल्या बदनामीच्या दाव्यात २०१५ मध्ये ज्युरीने निकाल वाहिनीच्या बाजूने दिला. ऑर्डर ऑफ कॅनडाही पुढे काढून घेण्यात आला.

इथे घाईने निघणारा निष्कर्ष मला टाळायचा आहे. लांब यादी म्हणजे लबाडी आणि छोटी यादी म्हणजे सचोटी, असं काही नाही. कष्टाने लांब यादी उभी केलेले प्रामाणिक संशोधक पुष्कळ आहेत. फरक दुसरीकडे आहे. पुण्याचा प्रत्येक दावा वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या माणसांच्या साथीने पुन्हा तपासला गेला आणि तपासणाऱ्यांत ते स्वतः होते. चंद्रांच्या वृद्धांवरच्या दाव्याची खरी तपासणी इतरांना करावी लागली. स्कॉटलंडमध्ये ६५ वर्षांवरच्या ९१० जणांवर मॅव्हिस नावाची चाचणी झाली, तिचे निकाल २००५ मध्ये ‘बीएमजे’त आले, आणि रोजच्या जीवनसत्त्व-खनिज गोळीने संसर्गात लक्षणीय फरक पडला नाही. ९६ माणसांत निम्म्याने कमी होणारा त्रास ९१० माणसांत दिसेनासा व्हावा, ही गोष्ट एका निबंधावर विसंबणाऱ्याला जागं करायला पुरेशी आहे. मधल्या तेरा वर्षांत मात्र तो निबंध संदर्भांच्या याद्यांत आणि गोळ्यांच्या शिफारशींत फिरत राहिला होता. आयुष्यभर राबलेल्या म्हाताऱ्या माणसाने पेन्शनमधून किंवा मुलाने पाठवलेल्या पैशातून घेतलेल्या ताकदीच्या बाटलीमागे असल्या निबंधाचं वजन असू शकतं, आणि हे मला फार गंभीर वाटतं.

यावर व्यवहारी माणूस विचारेल: मग निवड समितीने काय करायचं? हजारो अर्जदारांचे निबंध कोण वाचणार? संख्या निदान वशिल्यापुढे झुकत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला तोही अशाच अडचणीवर उपाय म्हणून: ज्याचे अमुक इतके निबंध प्रत्येकी किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले, त्याचा तो अंक. पण संख्येला बढती जोडली की संख्या विकत मिळू लागते. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ नियतकालिकं तपासली, तेव्हा निकषांवर उतरली फक्त ११२. वशिला टाळायला आणलेला आकडा दुकानात मिळत असेल, तर तो वशिल्यापेक्षा स्वच्छ कसा? वैद्यकीय महाविद्यालयांतही बढतीसाठी ठरावीक संख्येचे निबंध लागतात. रुग्णांच्या गर्दीत बुडालेला प्राध्यापक अशा वेळी सर्वात सोपा निबंध लिहितो, सर्वात गरजेचा नाही. माझ्या मते यावरचा उपाय अवघड नाही: अर्जदाराने आपल्या आवडीचे तीनच निबंध द्यावेत, आणि त्यांतला दुसरा पहिल्याला कसा तपासतो हे एका पानात लिहावं. समितीतल्या दोघांनी ते वाचावेत. तीन निबंध वाचायला वेळ नसेल तर तीस मोजून काय कळणार?

शेवटी तांबं पुन्हा घरात येतंय त्याबद्दल, कारण हे सगळं संशोधन आज कामाला यायची जागा तीच आहे. शहरांत तांब्याच्या बाटल्यांची चलती आहे, आणि ठेवणीतलं पितळ खेड्यातल्या घरांतूनही पुन्हा बाहेर निघतंय. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं, हे आपल्याकडचं जुनं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात सोळा तास पाणी ठेवून पाहिलं. त्यात मिसळलेले जुलाबाचे जंतू मेले आणि पाण्यात उतरलेलं तांबं लिटरमागे ०.१७७ मिलिग्रॅम भरलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. मोठ्या माणसाने असं पाणी प्यायला या निबंधांतून कुठलीही हरकत निघत नाही. पुण्याचा इशारा पाण्याबद्दल नव्हता. तो कल्हई उडालेल्या पितळेत उकळून तासन्‌तास ठेवलेल्या दुधाबद्दल होता, आणि वर्षाच्या आतल्या बाळाबद्दल. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर ते स्टीलच्या पातेल्यात तापवायचं. आजीला पितळेचीच सवय असली तरी ताक-आमटीसाठीही कल्हई उडालेलं पितळ वापरायचं नाही, कारण आंबट पदार्थही उघड्या पितळेत तांबं सोडवतात आणि कळकतात. हे सांगायला आज आशा कार्यकर्ती पुरेशी आहे.